खळ्यातली गाडी

भाड्याने जागा बघायला गेलेली बाई आधी स्वयंपाकघर बघते, मग पाणी किती वेळ येतं ते विचारते. मी दोन्ही करत नव्हते. दलाल किल्ली काढून जिन्याकडे निघाला की मी खालीच उभी राहायची आणि म्हणायची, "किल्ली राहू दे खिशात. आधी गाडी कुठं लावायची ते दाखव."

"ताई, फ्लॅट तरी बघा. हवेशीर हाय एकदम."

"हवा मी रस्त्यावर पण खाईन. गाडी कुठं?"

दलाल मला वेडी समजायला लागला होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. गाडीच्या डिकीत मी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. दाखवलेल्या जागेत गाडी लावायची, डावीकडचं दार पूर्ण उघडायचं आणि दार नि भिंत यांच्यामध्ये ती खुर्ची मांडून बघायची. खुर्ची मावली तर पुढचं बोलायचं, नाही मावली तर दलालाला रामराम.

ही खुर्ची माझ्या बापासाठी होती. बाची फुप्फुसं निकामी होत आली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन लावलेलं असायचं, नाकाशी नळी असायची, आणि तशात तो बरा असायचा. बोलायचा, चिडवायचा, माझ्या भाकरीला नावं ठेवायचा. पण मधूनच कधीतरी दम लागायचा, आणि तो लागला की मशीनने भागायचं नाही. कल्याणच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दम लागला की वाट बघू नका. उचला आणि इकडे आणा."

उचला हा शब्द डॉक्टरला सोपा होता. आमचं गाव कसाऱ्याच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. डांबरी रस्ता खाली राहतो, घर वर. आदल्या वर्षी बाला पहिल्यांदा जोराचा दम लागला तेव्हा चुलतभावांनी त्याला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं होतं. मी बाजेच्या शेजारून चालत होते आणि त्याचे ओठ काळेनिळे पडताना बघत होते. त्या उतरणीवर मी ठरवलं, की इथून पुढे माझ्या बापाच्या आणि गाडीच्या मध्ये रस्ता ठेवायचा नाही. आई आधीच गेली होती. लग्न मी केलं नाही, त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. मुरबाडला एका पतपेढीत नोकरी करते. मुरबाडला रेल्वे नाही, जे आहे ते एसटी नाहीतर कल्याणच्या जीपगाड्या, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून चाळिशी उलटल्यावर गाडी शिकले, एक जुनी गाडी घेतली आणि बाला आणायला जागा शोधायला लागले.

आधी शहापूर बघितलं, कारण तिथून गाव जवळ. एका इमारतीत पार्किंग होतं पण नेमका खांब दाराशी यायचा. दुसरीत जागा ऐसपैस, पण स्टेशनाकडे जाणारे आजूबाजूच्या गावांतले लोक सकाळी आपल्या मोटारसायकली तिथे कोंबून लोकल पकडायचे, त्या संध्याकाळी उतरेपर्यंत तशाच. मी विचारलं, मध्येच गाडी काढायची झाली तर? वॉचमन म्हणाला, "मग एकेक उचलून बाजूला ठेवायची." तिसऱ्या ठिकाणी गाड्या एकामागे एक लावायच्या आणि हँडब्रेक काढून ठेवायचा, म्हणजे मागच्याला ढकलता येईल. मी त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हटलं, "माझा बाप गुदमरत असताना मी तुमच्या गाड्या ढकलत बसू?" त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती, पण माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता.

शेवटी मुरबाडातच मिळाली. गावाच्या कडेला, जिथे घरं संपून भाताची खाचरं सुरू होतात तिथे, तीन मजल्यांची, तशी नवीच इमारत. जमीन एका जुन्या शेतकरी कुटुंबाची. घरमालकीण आजी, तिचा मुलगा आणि सून मागच्या कौलारू घरात राहायची. इमारतीचा खालचा भाग खांबांवर मोकळा, गाड्यांसाठी. रिकामा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. आणि जिन्याच्या अगदी शेजारी, सगळ्यात आत, एक जागा अशी होती की जिन्याची शेवटची पायरी उतरली की हात गाडीच्या दाराला लागेल. मी खुर्ची मांडली. मावली. खुर्चीत बसूनही बघितलं.

आजी कमरेवर हात ठेवून हा प्रकार बघत होती. "काय करतंस गो?"

मी सांगितलं. तिने वाकून ती जागा नीट बघितली. मग म्हणाली, "ही आतली जागा तुजी. दुसरं कोन लावायचं नाय हितं."

मी तरीही उलटतपासणी घेतली. पावसाचं पाणी शिरतं का? नाही. गेटला कुलूप? रात्री लागतं, किल्ली तुम्हालाही देऊ. घरचं लग्नकार्य असलं तर मांडव इथे घालता का? हे विचारल्यावर आजी हसली. "मांडव त्या अंगाला घालतो. तुजी गाडी कोन अडवनार नाय." माझे प्रश्न संपले. भाताच्या खाचरांकडे तोंड करून मी हे सगळं विचारत होते, आणि मी स्वतः भात लावणाऱ्याची मुलगी. तरी सुगीत इथे काय होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. इमारतीखाली कोण भात झोडेल?

पावसाळा नीट गेला. बाला गॅलरीत तीच प्लास्टिकची खुर्ची टाकून दिली होती. समोर हिरवीगार खाचरं, त्यामुळे त्याला करमायचं. आजी खालून विचारायची, "कसा हायस बाबा?" आणि हा वरून सांगायचा, "हाय अजून." एकदा दम लागला, पण गाडीत घालून वेळेवर कल्याण गाठलं. मनात म्हटलं, जागा शोधली त्याचं सोनं झालं.

दिवाळी झाली, भात पिवळं पडलं, आणि एका संध्याकाळी आजीचा मुलगा दार वाजवून उभा राहिला. "ताई, आता भात येल. गाडी थोडे दिस भायर रस्त्यावर लावा."

"म्हणजे?"

"खाली खळं करतो ना आमी."

मग उलगडा झाला. इमारत उभी राहिली ती जागा पिढ्यान्‌पिढ्या यांच्या खळ्याची. भात कापून आणायचं, रचायचं, झोडायचं ते तिथेच. खांब उभे राहिले, वर माणसं राहायला आली, पण खळं काही हललं नाही. उलट डोक्यावर छप्पर आल्याने यांची सोयच झाली होती. बाकीच्या भाडेकरूंना हे ठाऊक होतं. ते दरवर्षी निमूट गाड्या रस्त्यावर नेऊन लावायचे.

माझं डोकं फिरलं. ॲग्रीमेंटचा कागद आणून त्याच्या नाकासमोर धरला. आवाज चढला. बा आतून म्हणत होता, "आगो, हळू बोल," पण मी कशाची ऐकते. रस्ता म्हणजे गेटाच्या बाहेर, अंगण ओलांडून. बाजेवरची ती उतरण मला पुन्हा दिसायला लागली होती.

आवाज ऐकून आजी वर आली. मुलाला म्हणाली, "भात दोन बाजूला रचा. मधून हिची गाडी जाल एवढी वाट सोडा." दुसऱ्या दिवशी तिने स्वतः खाली शेणाने सारवलं, आणि माझ्या जागेपासून गेटापर्यंत राखेच्या दोन रेघा ओढल्या. रेघांच्या आतली वाट माझी, बाहेरचं सगळं भाताचं. मुलगा नाराज होता, कारण अर्धी जागा जात होती. मला त्याच्या नाराजीशी घेणंदेणं नव्हतं. त्या दिवसापासून मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चपला काढायची आणि अनवाणी गाडीपर्यंत जायची. खळ्यात चपला घालून जायचं नाही, हे बाने लहानपणी पाठीत रट्टा घालून शिकवलेलं. गाडी मात्र राखेच्या रेघांमधून तशीच जायची यायची, आणि तेवढं मला दरवेळी खटकायचं.

झोडणी सुरू झाली तशी धूळ उडायला लागली. मी खिडक्या लावून घेतल्या, गॅलरीचं दार बंद केलं. बा वैतागला. वास येतोय आणि दिसत नाही, म्हणून त्याचा जीव वर-खाली होत होता. मी ओरडले, त्याने तोंड फिरवलं. असे ते दिवस होते.

आणि मग तो शनिवार. मी दुपारीच घरी आले होते, गाडी जागेवर लावली होती. ऊन एकदम विझलं. डोंगराच्या बाजूने काळंकुट्ट चढून आलं, वारा सुटला. गॅलरीचं दार उघडून बघते तर कापलेले भारे सगळे खाचरात उघड्यावर, आणि आजी, मुलगा, सून, दोन गडी, सगळे पळत सुटलेले. त्यातल्या सुनेला पोटाशी धरलेला भारा पेलवत नव्हता.

मी जिना कधी उतरले मला कळलं नाही. ओढणी डोक्याला गुंडाळली आणि पहिला भारा उचलला. किती वर्षांनी, पण मान, पाठ, पाय काही विसरले नव्हते. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, नागपूरकडचा, कंपनीत सुपरवायझर, तोही बूट घालून धावत आला. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. दोन्ही बाजू भरल्या. "आता कुठं टाकू?" असं सुनेने विचारलं, आणि मी, मी स्वतः, हात करून ओरडले, "हितं टाक, हितं जागा हाय!"

ती राखेच्या रेघांमधली वाट होती. एवढी मोकळी, स्वच्छ, कोरडी जागा मला दिसली आणि दुसरं काही दिसलं नाही. भात भिजतंय, एवढंच डोक्यात होतं. भारे पडत गेले, चढत गेले, गाडीच्या दारांपर्यंत, बॉनेटवर. वर गॅलरीत बा नाकातली नळी काढून येऊन उभा राहिला होता आणि कठड्यावरून वाकून हुकूम सोडत होता. "कणसं आत! बुडखे भायर! आरे, कुनी शिकवलं तुमाला रचायला?" आम्ही सगळे हसत होतो. शेवटचा भारा आत आला आणि मागोमाग पाऊस कोसळला. आजीने माझ्या गालावरून हात फिरवला. मला फार बरं वाटलं होतं, हे लपवून काय करू.

वर आले तेव्हा लाईट गेलेली होती. मशीन बंद. बा पलंगाच्या कडेला बसला होता, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून, मान पुढे काढून. असं तो बसला की मला ठाऊक असतं.

"बा?"

त्याने हात हलवला. ओठांकडे बघितलं, ते काळेनिळे पडायला लागले होते. किल्ली घेतली, दार उघडलं, जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकले, आणि तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते ते.

गाडी दिसतच नव्हती. टपाचा एक तुकडा तेवढा दिसत होता, आणि तिथून गेटापर्यंत माणसाच्या छातीएवढी भाताची भिंत.

मी किंचाळले. सगळे धावत आले. रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती दुसरा रुग्ण घेऊन कल्याणच्या वाटेवर होती. एक गडी जीप बघायला नाक्यावर पळाला, पण त्या पावसात आणि अंधारात नाक्यावर कोण थांबणार? आजीच्या मुलाचा टेम्पो खाचरात रुतून बसला होता. बाकीच्या भाडेकरूंच्या रस्त्यावर लावलेल्या गाड्या शनिवार म्हणून बाहेर गेलेल्या. उरली माझी गाडी. ती बाहेर काढायची तर भारे हलवायला हवे होते, आणि हलवून ठेवायला छपराखाली तसूभर जागा उरली नव्हती. बाहेर धो धो पाऊस.

आजीचा मुलगा भाऱ्यांकडे बघत उभा राहिला. त्याचं वर्षभराचं भात होतं, हे मला समजत होतं, आणि तरी त्या क्षणी मी त्याला दोन्ही हातांनी ढकलून दिलं असतं. मी स्वतःच एक भारा ओढला, तो निसटून माझ्याच पायावर पडला. तेवढ्यात माझ्या शेजारून आजी पुढे झाली. तिने वरचा भारा ओढला, पोटाशी धरला, आणि बाहेर पावसात, चिखलात फेकून दिला.

"बघतास काय? फेका!" ती मुलावर ओरडली.

मग सगळे तुटून पडले. मघाशी ज्या हातांनी आत आणलं होतं त्याच हातांनी बाहेर फेकत होतो. भारे सुटत होते, कणसं तुटून जमिनीवर पसरत होती. मी मधूनमधून वर पळून जायची, बाच्या पाठीवर हात ठेवायची, तो श्वास घेतोय हे बघायची आणि पुन्हा खाली यायची. प्रत्येक खेपेला त्याची मान आणखी खाली गेलेली असायची.

वाट झाली. सुपरवायझर आणि आजीच्या मुलाने बाला त्याच खुर्चीत बसवून उचललं. जिना उतरले. शेवटच्या पायरीवर बाने हात वर केला. थांबा. सगळे थांबले, मला वाटलं संपलं. त्याने बोट दाखवलं, सुपरवायझरच्या पायांकडे. चिखलाने भरलेले बूट, आणि पुढे जमिनीवर भाताचा सडा.

"क्या बोल रहे हैं?" सुपरवायझर घाबरून गेला.

"बूट," आजीचा मुलगा म्हणाला. "बूट काढा भाऊ."

ज्याला श्वास पुरत नव्हता त्या माणसाने उरलेला श्वास यात घातला. मला त्याचा असा राग आला, असा राग आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सुपरवायझरने एका हाताने खुर्ची तोलत पायानेच बूट काढून भिरकावले. बाला गाडीत घातलं. मी अनवाणी बसले, अनवाणीच क्लच दाबला, आणि गाडी त्या कणसांवरून घातली. चाकांखाली दाणे फुटल्याचा आवाज पावसातही ऐकू आला. बाने डोळे मिटून घेतले. ते कशाने, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

कल्याणला दवाखान्याच्या दारात गाडी तशीच सोडून आत पळाले. बाला ऑक्सिजन लागला, सुई लागली, पडदा ओढला गेला. मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते तेव्हा रखवालदार येऊन म्हणाला, "मॅडम, गाडी तिथे नाय लावायची. पार्किंग मागे हाय." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला रडता रडता हसू फुटलं. त्याची नजर माझ्या अनवाणी पायांवर गेली आणि तो म्हणाला, "राहू द्या. मी बघतो."

बा वाचला. थोडे दिवस तिथे ठेवून घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. हे वाक्य मी परतीच्या रस्त्यावर तोंडातल्या खड्यासारखं चघळत आले, आणि घरी पोचल्या पोचल्या आजीला सांगितलं, की मी जागा सोडतेय.

आजी म्हणाली, "बरं." एवढंच. तिचं पावसात फेकलेलं भात काळं पडलं होतं, त्याला मोड आले होते. ते तिने मागच्या बाजूला पसरून ठेवलं होतं, कोंबड्यांना. त्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही. चूक तिची म्हणावी तर वाट तिने सोडली होती. ती बुजवा म्हणून ओरडले होते मी. पण राग कुणावर तरी काढायला लागतोच माणसाला. मी जागेवर काढला.

दलालाला पुन्हा फोन केला. त्याने शहापूरला एक फ्लॅट काढला, बघून आले. या वेळी खुर्ची मांडायचीही गरज पडली नाही. पिवळे पट्टे आखलेले, त्यात फ्लॅटचा नंबर, लिफ्ट थेट पार्किंगमध्ये उतरणारी, वॉचमन, आजूबाजूला शेत औषधालाही नाही. दलाल म्हणाला, "आता बोला ताई." संध्याकाळी फोन करून पक्कं सांगते म्हटलं आणि किन्हवलीच्या रस्त्याने मुरबाडला निघाले.

अर्ध्या वाटेत समोरचं आभाळ काळं झालं. पुन्हा तसंच, अवेळी. लाईट जाईल. बा एकटा आहे, शेजारच्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं आहे तेवढंच. मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही, समोरच्या ट्रकला शिव्या दिल्या ते आठवतं.

गेटाशी पोचले. खालच्या खाचरातलं राहिलेलं भात कापून त्यांनी अंगणात आणलं होतं, आणि तीच पळापळ चालू होती. आत दोन्ही बाजूंना रचलेल्या भाऱ्यांच्या उडव्या छताला टेकलेल्या. मध्ये राखेच्या रेघा नव्याने ओढलेल्या, ठळक. आणि त्या दोन रेघांच्या मध्ये, रिकाम्या वाटेच्या तोंडाशी, आजी पाट टाकून बसली होती.

"आये, ऊठ गो! भिजतंय सगळं!" मुलगा ओरडत होता.

"भिजूं दे. ही वाट त्या बाबाची हाय."

"गाडी आत नाय आता! ती शहापूरला गेलीय!"

"येल ती."

थेंब पडायला लागले होते. अंगणातल्या भाऱ्यांवर टप टप आवाज येत होता. मी काच खाली करून ओरडले, "आजी, उठा! भरा भात तिथे!"

"तू गाडी आन आत," ती म्हणाली. जागची हलली नाही.

या म्हातारीचं काय करावं मला कळेना. आत जाऊन गाडी लावावी तर भात भिजणार, तिचं उरलंसुरलं. न लावावी तर वर माझा बाप, आणि लाईट आत्ता जाईल का मग जाईल. मी गेटात गाडी घालून तशीच बसून राहिले, पुढेही नाही आणि मागेही नाही.

तेवढ्यात जिन्यावर बा दिसला. तोंडाला ओला पंचा गुंडाळलेला, एक हात कठड्यावर, शेजारची बाई मागून त्याला धरतेय. एक पायरी, थांबला. दुसरी पायरी, थांबला. मी दार उघडून धावले. शेवटच्या पायरीवर त्याने वहाणा काढल्या, हातात घेतल्या, आणि माझ्या खांद्याला धरून राखेच्या रेघांमधून हळूहळू चालत आला. आजीजवळ थांबून दम घेतला.

"ऊठ गो बाय," तो तिला म्हणाला. "मी गाडीत जाऊन बसतो. गाडी रस्त्यावर राहील. मग तुमी अडवा काय अडवायची ती वाट."

आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. मग पाट उचलून बाजूला झाली.

मी बाला पुढच्या सीटवर बसवलं, गाडी मागे घेऊन रस्त्याच्या कडेला कल्याणच्या दिशेला तोंड करून उभी केली, काचा वर केल्या. धूळ नाही, वारा नाही. तो सावकाश श्वास घेत होता, मी मोजू नये म्हणत मोजत होते. किल्ली लावलेलीच होती. दम लागलाच तर नुसती फिरवायची. एवढं सोपं होतं ते, आणि मी त्यासाठी दोन तालुके पालथे घातले होते.

"तू काय बसलीस हितं?" बा म्हणाला. "भारे उचल जा. हॉर्न मारीन मी काय झालं तर."

मी चपला गाडीत काढून ठेवल्या आणि गेले. भारा उचलायचा, आत टाकायचा, वळून गाडीकडे बघायचं. ओल्या काचेमागे त्याचा पंचा दिसायचा. एकदा हॉर्न वाजला. हातातला भारा टाकून मी पळत आले, दार उघडलं.

"त्या सुपरवायजरला सांग," बा म्हणाला, "कणसं आत, बुडखे भायर."

मी तोंडात आलेली शिवी गिळली आणि परत गेले. शेवटचा भारा आत गेल्यावर पावसाने झोडपायला सुरुवात केली. मी भिजून गाडीत येऊन बसले. माझा फोन बाच्या हातात होता.

"कुणाचा होता?"

"तुज्या शहापूरवाल्याचा. इचारत होता, ताईंचं पार्किंगचं काय ठरलं."

"मग?"

"सांगितलं त्याला," बा काचेतून इमारतीकडे बघत म्हणाला. "आमी रस्त्यावर हाव, पन भात आत हाय."